मदत हवी आहे: गर्दी नसलेल्या रीफवर उतरण्याची वेळ कशी ठरवावी?

नमस्कार. वाळूच्या किनाऱ्यावर, न फुटलेली लाट स्वतः निवडून तिच्या उतारावरून डावीकडे किंवा उजवीकडे जाणे मला आता जमते. यापुढे रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या खडकावर किंवा प्रवाळावर फुटणाऱ्या लाटांवर, सर्फिंग करण्याची मनापासून इच्छा आहे. मनात असलेल्या जागी गर्दी नसते आणि मध्यम तयारीच्या सर्फरला ती झेपते, असे जाणकार सांगतात.

वाळूचे बांध सरकतात, खडक हलत नाही. त्यामुळे लाट जवळपास त्याच ठिकाणी उभी राहते आणि शेजारच्या खोल चॅनेलमधून, मार न खाता, फुटणाऱ्या लाटांच्या मागे पोहोचता येते. माझी अडचण खोलीची आहे. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते, हे ढोबळ गणित मला ठाऊक आहे. परंतु उभी राहणारी लाट पुढचे पाणी ओढून घेते, तेव्हा खडकावर नेमके किती पाणी उरते, हे किनाऱ्यावरून कसे ओळखावे?

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचे पाणी फार खाली जाते, म्हणून सुरुवात भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, भरती निम्मी चढल्यावर करावी, असे मला वाटते. हे योग्य आहे का, की काही रीफवर त्या वेळी लाट फुटतच नाही? शिवाय उंची तीच असली तरी दर आठ सेकंदांनी येणाऱ्या लाटेपेक्षा दर चौदा सेकंदांनी येणारी लाट रीफवर कितीतरी जोरकस उभी राहते. तेव्हा पहिल्या खेपेस किती सेकंदांपर्यंत जावे?

सर्वांत मोठा प्रश्न रिकाम्या पाण्याचा आहे. इतर सर्फर असले की ते बसलेल्या जागेवरून लाट कुठे उभी राहते ते कळते, आणि कोणी जखमी झाल्यास मदतही मिळते. सोबत जोडीदार असेलच. आधी किनाऱ्यावरून निदान दोन-तीन मोठे सेट, म्हणजे लागोपाठ येणाऱ्या लाटांचे गट, येऊन जाईपर्यंत पाहावे, मग जमिनीवरच्या दोन स्थिर खुणा एका रेषेत धरून आपली जागा राखावी, असे ठरवले आहे. पडताना सूर न मारता अंग पसरून उथळ पडायचे आणि वर येताना हातांनी डोके झाकायचे, हेही घोकून ठेवले आहे.

रीफवर नियमित जाणाऱ्यांनी कृपया सांगावे: कोणते चिन्ह दिसले की आपण पाण्यात न उतरता परत फिरता?