जॅझ वाजवायला मऊ, भरीव आवाजाचं मेंडोलिन: कोणतं घ्यावं?

कर्वेनगरकरीण:

नमस्कार मंडळी. इथे मेंडोलिन वाजवणारं कुणी आहे का? असाल तर सविस्तर लिहा, मला घाई नाही.

शाळेत असताना पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकले. पुढे नोकरी, घर, मुलं, आणि व्हायोलिन गेलं माळ्यावर. आता पुन्हा हात शिवशिवायला लागलेत, पण गज धरायला खांदा तयार नाही. मेंडोलिनच्या तारा व्हायोलिनसारख्याच, जी-डी-ए-ई, फक्त प्रत्येक तारेची जोडी, त्यामुळे डाव्या हाताला सगळ्या जागा आपोआप सापडतात. रविवारी औंधला एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही तिघं जमतो. एक गिटार, एक बेस गिटार आणि मी. जुने अमेरिकन स्टँडर्ड्स, थोडं जिप्सी जॅझ, सगळं हौसेपुरतं.

अडचण आवाजाची आहे. माझ्याकडे एफ-होलचं (एफ अक्षरासारख्या भोकांचं), प्लायवुडचं सेकंडहँड वाद्य आहे. जलद चाली एकवेळ खपून जातात. पण संथ बॅलड आली आणि मी ई तारेवर चढले की स्वयंपाकघरात स्टीलचे डबे पडल्यासारखं ऐकू येतं. मला हवाय तो जुन्या आर्चटॉप (कमानदार पाटीच्या) गिटारच्या जवळचा आवाज. गोलसर, टोक नसलेला, बुडाला थोडा जड.

कॅम्पातल्या एका दुकानात चौकशी केली. जॅझ म्हटल्यावर मालकांनी मान डोलावली आणि मोहरीच्या शेतातली ती सगळ्यांना पाठ असलेली धून वाजवून दाखवली. वाजवली सुरेख, पण माझा प्रश्न होता तिथेच राहिला.

बजेट साठ हजारांच्या आत. ओव्हल होलचं, म्हणजे लंबगोल भोकाचं, घ्या असं सगळीकडे वाचते. ईस्टमन कंपनीच्या मॉडेलचे आकडे बघून मात्र डोकं गरगरतं: ३०४, ३०५, ५१४, ५१५. कुणी उलगडून सांगेल का? की सरळ इलेक्ट्रिकच घेऊ?

---

पावणेचौदा_इंच:

आकड्यांचं सोपं आहे. पहिला आकडा दर्जाचा, तो वाढला की लाकूड आणि कारागिरी वरची. मधला आकडा अंगाचा: ० म्हणजे ए, साधं थेंबाच्या आकाराचं, १ म्हणजे एफ, वर गुंडाळी आणि बाजूला टोकं असलेलं. शेवटचा आकडा भोकाचा: ४ ओव्हल, ५ एफ-होल. म्हणजे ३०४ हे ए अंगाचं ओव्हल आणि ५१५ हे एफ अंगाचं एफ-होल.

एफच्या गुंडाळीला कारागिराचा वेळ लागतो, त्याचे पैसे पडतात. आवाजात म्हणावा असा फरक पडत नाही, फार तर पट्टा अडकवायची सोय होते. तुमच्या बजेटमध्ये ए अंगच बघा. केंटकी कंपनीचं २७२ हेसुद्धा ए अंगाचं ओव्हल आहे. काहीही घ्या, वरची पाटी सॉलिड स्प्रूसची आणि कोरलेली आहे ना, एवढं विचारून घ्या. प्लायवुडवर तारा बदला नाहीतर काहीही करा, एका मर्यादेपुढे ते बोलत नाही.

---

नारायणपेठी:

ताई, दुकानात जाण्याआधी प्लेक्ट्रम (तारा छेडायची पट्टी) बदला. चेष्टा करत नाहीये.

मी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवलं. गणपतीच्या मांडवात कर्ण्यातून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर आवाजाला टोकच लागायचं. पातळ प्लेक्ट्रम, नव्या कोऱ्या तारा, घोडीच्या (पाटीवर तारा जिच्यावर टेकतात ती) जवळ आघात आणि अखंड ट्रेमोलो, म्हणजे एकच स्वर भराभर छेडत राहणं. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या कानात मेंडोलिन म्हणून हाच आवाज बसलेला आहे. दुकानदाराला दोष नाही, त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक तेच मागतं. तुम्हाला हवंय ते बरोब्बर त्याच्या उलट, म्हणून प्रत्येक गोष्ट उलटी करत चला.

प्लेक्ट्रम दीड मिलिमीटरच्या आसपास जाड हवा, आणि टोक गोल हवं. अमेरिकन मेंडोलिनवादक डेव्हिड ग्रिसमन अशीच जाड, गोल कोपऱ्यांची त्रिकोणी वापरतात. मिळालं नाही तर जाड त्रिकोणी प्लेक्ट्रम आणून कोपरे बारीक पॉलिश पेपरवर घासा. कडेला एक खरखर राहिली तरी तारेवर ती ऐकू येते, म्हणून शेवटी जुन्या जीन्सच्या कापडावर घासून गुळगुळीत करा. पातळ प्लेक्ट्रम तारेवर आपटताना स्वतः वाकतो, त्याचा 'टिक' आधी येतो आणि स्वर नंतर. जाड वाकत नाही, तार त्याच्यावरून घसरते. तुमच्या डब्यांपैकी निम्मे डबे इथेच थांबतील.

आघाताची जागा दुसरी गोष्ट. घोडीकडून फ्रेटबोर्डाच्या शेवटाकडे सरका. मुद्दाम एकच स्वर वाजवत हात हळूहळू पुढे नेऊन बघा, एका जागी आवाज एकदम गोल होतो. काही वाद्यांत नेमके तिथेच शेवटचे पडदे येतात आणि प्लेक्ट्रम त्यांच्यावर खटखटतो. म्हणून कितीतरी वादक फ्रेटबोर्डाचा तेवढा भाग तासून खाली घेतात. त्या शेवटच्या पडद्यांवर तसंही फारसं कुणी वाजवत नाही, म्हणून विकत घेताना हे जरूर बघा.

आता तारा. फॉस्फर ब्राँझच्या नेहमीच्या तारा आठवडाभर चकचकीत बोलतात, ते तुमच्या कामाचं नाही. फ्लॅटवाउंड लावा. गुंडाळलेली तार सपाट असते, बोट सरकताना चरचर होत नाही, आणि वरचा खणखणाट बराच खाली येतो. थॉमास्टिक कंपनीच्या महाग आहेत, पण लवकर मरत नाहीत. आवाज थोडा लहान होईल, ते गृहीत धरा. शिवाय घोडी आणि टेलपीस (जिथे तारांची मागची टोकं अडकवतात) यांच्यामध्ये जो तारांचा तुकडा उरतो, तो स्वतःच्या सुरात वाजत असतो. त्यात चामड्याची किंवा फेल्टची पट्टी विणून टाका. फुकटात होणारं काम आहे, आणि ई तारेच्या मागची ती शिट्टी त्यानेच जाते.

हे सगळं झाल्यावर भोकाचा विचार. गिब्सन कंपनीची सुरुवातीची कोरीव मेंडोलिनं ओव्हलचीच. १९२२ मध्ये तिथल्याच लॉइड लोअरच्या हाताखाली एफ-५ हे मॉडेल आलं: व्हायोलिनसारखी एफ भोकं, आतून दोन आधारपट्ट्या, मान लांब, त्यामुळे घोडी पाटीच्या मध्याकडे सरकली. ते झालं होतं मेंडोलिन ऑर्केस्ट्रासाठी, सभागृहात लांब पोचावं म्हणून. पण त्याचं नाव केलं बिल मन्रोने, १९२३ चं एफ-५ घेऊन, ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीतात. तिथे बॅंजोच्या शेजारी उभं राहून ठोका द्यायचा असतो, त्याला हा चटकन उठून चटकन विरणारा आवाज लागतो. ओव्हलचा स्वर सावकाश फुलतो, जास्त रेंगाळतो आणि खाली भरलेला असतो. बॅलडमध्ये एकेक स्वर ट्रेमोलोशिवाय धरायचा असेल तर ती रेंगाळच कामाला येते. म्हणून माझं मत ओव्हलला, ३०४ किंवा त्यासारखं.

आणि ई तारेला जरा सुट्टी द्या हो. जॅझ मेंडोलिनवाले जेथ्रो बर्न्स कॉर्डमधूनच चाल काढायचे. तुम्ही फक्त डी आणि ए या दोन जोड्यांवर बघा: डीवर तिसरा पडदा, एवर दुसरा. हा जी-सेव्हनचा गाभा, एफ आणि बी. दोन्ही बोटं तशीच एक पडदा मागे घ्या, सी-सेव्हन झाला. अजून एक मागे, एफ-सेव्हन. मूळ स्वर तुमचा बेसवाला देतोच आहे, तुम्ही कशाला देता? मधल्या तारांवर हे इतकं मऊ वाजतं की त्या प्लायवुडच्या वाद्यावरही आवडेल.

---

खर्जातला_गडी:

नारायणपेठी काकांच्या बाकी सगळ्याला अनुमोदन, ओव्हलला नाही.

मी बेस वाजवतो, त्यामुळे हा त्रास मला माहीत आहे. ताईंच्या त्रिकुटात गिटार आहे. जिप्सी जॅझमध्ये गिटारचा ऱ्हिदम नेमका ओव्हल मेंडोलिन जिथे भरलेलं असतं त्याच पट्ट्यात चालतो. घरी एकट्याने वाजवताना ओव्हल स्वर्ग वाटतं, आणि बँडमध्ये दोन्ही एकमेकांत गुरफटतात. मग तुम्ही जोरात वाजवता, आणि जोरात वाजवलं की मऊपणा गेला. ग्रिसमनचं वाद्य एफ-होलचंच असतं. त्यांचा तो गडद आवाज जाड प्लेक्ट्रम आणि हाताचा आहे. १९७७ चा त्यांच्या क्विंटेटचा अल्बम नुसता गिटार आणि मेंडोलिनची फोड करत ऐका, मी काय म्हणतोय ते कळेल.

इलेक्ट्रिकचा पर्याय कुणी मनावर घेतला नाही म्हणून लिहितो. मेंडोलिनचा चकचकाट बराचसा जोडतारांचा असतो. दोन तारा कधीच तंतोतंत एका सुरात नसतात, त्यातून ती थरथर येते. एकेरी तारा लावल्या की ती गेली. अमेरिकन मेंडोलिनवादक टायनी मूर यांचं बिग्सबी या कारागिराने बनवलेलं इलेक्ट्रिक मेंडोलिन पाच एकेरी तारांचं होतं, खाली सी जादा. ऐकलंत तर छोटी आर्चटॉप गिटारच वाटेल, म्हणजे ताई मागतायत तेच. आणि आपल्या कर्नाटक संगीतातल्या यू. श्रीनिवास यांचं वाद्यही पाच एकेरी तारांचंच. ते पुढे जॅझ गिटारवादक जॉन मॅकलॉक्लिनबरोबर रिमेम्बर शक्ती या बँडमध्ये वाजवत होते, तेव्हा जॅझशी नातं लावायला फार लांब जायला नको.

एकच सांभाळा. पिकअप (आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणारा भाग) चुंबकी असेल तर ब्राँझच्या तारा नकोत. त्यावर साध्या तारा ओरडतात आणि गुंडाळलेल्या दबतात. पिएझो (वाद्याचं कंपन पकडणारा) असेल तर टोन बराच कमी करावा लागतो, नाहीतर डबे ॲम्प्लिफायरमधून पडतील.

---

नारायणपेठी:

गड्या, मुद्दा खरा आहे, पण उत्तर वाद्य बदलून कशाला? गिटारवाल्याला सांगा वरच्या चार तारा सोडून खालच्या दोनच धर. नाहीतर त्याच्या ऱ्हिदमच्या वेळी ताईंनी थांबायचं. जॅझमध्ये न वाजवण्याचेही पैसे मिळतात म्हणे. (आम्हाला वाजवण्याचेही वेळेवर मिळाले नाहीत, ते सोडा.)

इलेक्ट्रिकचं मात्र मला पटत नाही. गच्चीवरच्या खोलीत तीन माणसं, त्यात ॲम्प्लिफायर कशाला?

---

कर्वेनगरकरीण:

सगळ्यांचे आभार, विशेषतः काकांचे. प्लेक्ट्रम घासला, जीन्सच्या कापडासकट. फरक आहे, आणि तो गिटारवाल्यालाही न सांगता कळला. चामड्याऐवजी सध्या मुलाच्या जुन्या सॅकची पट्टी कापून विणली आहे, शिट्टी गेली. ती दोन बोटांची कॉर्ड मागे सरकवत नेणं तर इतकं आवडलंय की घरचे वैतागलेत.

तरीही नवं घेणार आहे, आणि ओव्हलच. खर्जातल्या गड्याचं म्हणणं पटतं, पण आमचा गिटारवाला ऐकणाऱ्यातला आहे. आमच्यात कमी आहे ती बॅलडचीच.

आता दोन शंका. बाहेरून मागवलं तर आल्याबरोबर काय तपासायचं? आणि पुण्याच्या हवेचं काय? आमच्याकडे एप्रिलमध्ये दरवाजे सैल पडतात आणि जुलैत अडकून बसतात.

---

नारायणपेठी:

दरवाज्याला जे होतं तेच पाटीला होतं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पाटी वर येते, तारा उंच होतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उलट: तारा खाली बसतात, पडद्यांवर घासतात, आणि जास्तच कोरडं झालं तर पाटीला चीर जाऊ शकते. वाद्य पेटीत ठेवा, पेटीत साधा हायग्रोमीटर टाका, ४५ ते ५५ टक्क्यांच्या मध्ये राहिलं की झालं. उन्हाळ्यात पेटीत ओलावा देणारी कांडी, पावसाळ्यात सिलिका जेल. गाडीच्या डिकीत मात्र पाच मिनिटंही नको. घोडी वरखाली करायला दोन्ही बाजूंना चाक असतं, ऋतूप्रमाणे किंचित फिरवायचं. फिरवण्याआधी तारा सैल करा.

आल्यावर पहिल्यांदा बाराव्या पडद्यावर तारांची उंची बघा. दीड ते दोन मिलिमीटर ठीक, त्याहून जास्त असेल तर बोटं सोलतील आणि सूरही वर चढेल. मग घोडीचे पाय पाटीला पूर्ण टेकलेत का ते बघा. कागदाचा कपटा कडेने आत सरकला तर पाय पाटीच्या वळणाप्रमाणे तासलेले नाहीत. तेवढं काम चांगल्या व्हायोलिन दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, आवाजात लाकडाइतका फरक त्याने पडतो.

आणि फ्लॅटवाउंड लावताना सगळ्या तारा एकदम काढू नका. मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते. एकेक जोडी बदला, घोडीच्या पायाशी आधी पेन्सिलीची बारीक खूण करून ठेवा. शेवटी बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तारेला न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) ताडून बघा. दाबलेला चढा लागला तर घोडी केसभर टेलपीसकडे, उतरला तर मानेकडे.