जुने नैराश्य आणि अंगदुखी: आरटीएमएस घ्यावे की न्यूरोफीडबॅक?

शाल्मली_नाशिक
नमस्कार. माझे वय ४७ असून मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. बाळंतपणानंतर सुरू झालेले नैराश्य कमी-जास्त होत आजवर टिकून आहे आणि गेल्या काही वर्षांत मान, खांदे व कंबर यांच्या सततच्या दुखण्याची त्यात भर पडली आहे. संधिवाततज्ज्ञांनी तपासण्या करून फायब्रोमायल्जियाचे, म्हणजे अंगभर स्नायू दुखत राहण्याच्या जुनाट विकाराचे, निदान केले. आधी सर्ट्रालिन हे नैराश्यावरचे औषध घेऊन झाले. सध्याच्या ड्युलॉक्सेटिनने दुखणे थोडे सुसह्य झाले, पण मन उभारी धरत नाही. माझ्या मनोविकारतज्ज्ञांनी आरटीएमएस, म्हणजे डोक्यावर चुंबकीय कॉइल धरून मेंदूच्या ठरावीक भागाला चालना देण्याचा उपचार सुचवला आहे. घराजवळच्या एका केंद्राने मात्र ‘ब्रेन मॅपिंग’ (मेंदूच्या लहरींची नोंद) आणि न्यूरोफीडबॅक, म्हणजे त्या लहरी पडद्यावर पाहून त्यांवर ताबा मिळवण्याचा सराव, यांच्या ४० सत्रांचे पॅकेज सांगितले आहे. एकूण ५०,००० रुपयांपलीकडे खर्च शक्य नाही आणि शाळेमुळे रोज सकाळी सुटी मिळणार नाही. स्वतः उपचार घेतलेल्यांनी कृपया लिहावे.

सिंहगड_पायथा
डोळे झाकून आरटीएमएस घ्या आणि त्यासाठी पुण्यात या. माझा खर्च लाखाच्या वर गेला, पण त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. पहिल्या दिवशी कपाळाच्या मागे कॉइल फिरवत, आपल्या हाताचा अंगठा आपोआप उडेपर्यंत जोर वाढवतात आणि त्यावरून मात्रा ठरवतात. नंतर कानात बोळे घालून खुर्चीत बसायचे, आणि सुतारपक्षी टाळूवर चोच मारत असल्यासारखी टकटक सोसायची. आठवडाभर डोके दुखले, पुढे सवय झाली. प्रकृतीपुढे पैशांचा विचार करू नये.

निवृत्त_रोखपाल
खर्चाची चर्चा कशाला? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्या धर्तीवरच विमा द्यावा लागतो.

ठाणे_पूर्व
रोखपालसाहेब, कायदा बरोबर आहे, परंतु ही सत्रे रुग्णालयात दाखल न होता घेतली जातात आणि बहुतेक पॉलिसींत बाह्यरुग्ण खर्च बसत नाही. माझा दावा नेमका याच कारणाने परत आला. मूळ प्रश्नाबद्दल सांगायचे तर न्यूरोफीडबॅकच्या वाटेला जाऊ नका. केसांत चिकट जेल लावून तारा जोडल्या, पडद्यावरचे विमान मनाने वर न्यायला सांगितले आणि शेवटी लाल-निळ्या मेंदूची रंगीत चित्रे हातात दिली. त्या चित्रांवरून माझ्या मनोविकारतज्ज्ञांनी उपचारात काहीही बदलले नाही. पॅकेजचे पैसे आगाऊ भरले असल्याने ते परतही मिळाले नाहीत.

शाल्मली_नाशिक
सर्वांचे आभार. मर्यादा ५०,००० रुपयांचीच आहे, याची नम्र आठवण करून देते.

हडसनकाठ
इकडे न्यू जर्सीत हा उपचार विम्यातून होतो, पण आधी औषधे घेऊनही गुण आला नाही याची कागदपत्रे द्यावी लागतात. भारतात असतो तर मी थेट बंगळूरूला निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत गेलो असतो. एक महिना रजा काढावी, फार विचार करू नये.

तुळशीवृंदावन
हे सारे शॉकचेच नवे नाव आहे. माझ्या आत्याला पूर्वी शॉक दिले होते, तेव्हापासून तिला माणसांची नावे आठवत नाहीत. त्यापेक्षा योगनिद्रा करावी.

वॉर्ड_नंबर_७
मी मनोविकार विभागात परिचारिका आहे, म्हणून हा गोंधळ दूर करते. ईसीटीमध्ये, म्हणजे शॉक उपचारात, भूल देऊन विजेने फिट आणली जाते, आणि भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता ईसीटी करण्यास याच २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. आरटीएमएसमध्ये रुग्ण पूर्ण जागा असतो आणि उठून थेट कामावर जाऊ शकतो. अमेरिकेत २००८ मध्ये त्याला मान्यता मिळाली, ती औषधाने न हटणाऱ्या नैराश्यासाठी, फायब्रोमायल्जियासाठी नव्हे. हा फरक शाल्मलीताईंनी नीट ध्यानात घ्यावा. नैराश्यासाठी सहसा कपाळाच्या डाव्या भागामागे कॉइल ठेवतात, तर दुखण्यावरचे बरेच प्रयोग हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागावर झालेले आहेत, त्यामुळे एकाच कोर्समध्ये दोन्ही बरे होईल असे कोणी सांगत असेल तर ‘कॉइल नेमकी कुठे ठेवणार?’ असे विचारा. डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेले यंत्र) असेल, किंवा कधी फिट आली असेल, तर ते आधीच सांगा. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावे लागते. मात्र थीटा बर्स्ट या प्रकारात एक सत्र सुमारे तीन मिनिटांत आटोपते, तेव्हा तुमच्या डॉक्टरांच्या यंत्रावर ती सोय आहे का, ते विचारून घ्या.

सिंहगड_पायथा
मी वर तेच लिहिले होते. आरटीएमएसच घ्या.

तुळशीवृंदावन
भूल दिली तरी शॉक तो शॉकच.

शाल्मली_नाशिक
चौकशी केली. थीटा बर्स्टची सोय इथे नाही आणि आरटीएमएसची वेळ सकाळी दहा ते एक अशीच आहे. दहावीचे वर्ग अर्ध्यावर सोडून रोज जाणे मला जमणार नाही आणि पुणे, बंगळूरू तर दूरच राहिले. न्यूरोफीडबॅकचे केंद्र रात्री आठपर्यंत उघडे असते. पॅकेज नाकारल्यावर ते सत्रागणिक पैसे घ्यायला तयार झाले, त्यामुळे सर्वांचा विरोध लक्षात घेऊनही मी तिथे दहा सत्रे करून पाहणार आहे. ड्युलॉक्सेटिन चालूच राहील. आरटीएमएसचा विचार परीक्षा आटोपल्यावर, मे महिन्याच्या सुटीत करीन.

वॉर्ड_नंबर_७
मला हा निर्णय पटलेला नाही, परंतु सुरुवातीलाच पीएचक्यू-९ ही नैराश्याची तीव्रता मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून गुण लिहून ठेवा आणि दर दोन आठवड्यांनी पुन्हा भरा, म्हणजे केंद्राच्या रंगीत चित्रांवर विसंबावे लागणार नाही. जीव नकोसा वाटू लागला तर पुढच्या सत्राची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या) क्रमांकावर फोन करा.

निवृत्त_रोखपाल
आणि पावत्या सांभाळून ठेवा, मी विम्याचा मुद्दा अजून सोडलेला नाही.