क्रोसाँचे पदर सुटत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी सांगलीत, विश्रामबागला राहते. घरी क्रोसाँ (बटरचे थर देऊन भाजलेला, पदर सुटणारा फ्रेंच पदार्थ) करायला घेतलेत आणि बटरपाशी गाडी अडली आहे.

चिरोट्याचा साटा मऊ असला तरी निभतं. इथे बटर थंडही हवं आणि वाकवलं तर मोडताही कामा नये. मैद्याच्या पोळीत बटरची लादी गुंडाळून तीन वेळा तिहेरी घडी घातली की बटरचे २७ थर होतात. दुसऱ्या घडीपर्यंत सगळं छान. पुढे फ्रीजमधून काढलेलं बटर लाटण्याखाली कडकड मोडतं, पोळीतून त्याचे तुकडे दिसतात, आणि ओट्यावर जरा वेळ गेला की कडेनं पाझरायला लागतं. भाजल्यावर ट्रेमध्ये तुपाचं तळं, आतून पावासारखं भरीव. वास मात्र असा सुटतो की नाद सोडवत नाही!

फ्रान्समधल्या साध्या बटरमध्ये किमान ८२ टक्के स्निग्धांश असतो, आपल्या टेबल बटरमध्ये किमान ८०. एवढ्यानं फरक पडतो का? बिनमिठाचं, जास्त स्निग्धांशाचं बटर सांगली-मिरजेत सुटं कुठे मिळेल? कोल्हापूरलाही जाईन. मार्जरीन सुचवू नका, चवीसाठीच तर हा खटाटोप आहे.

आणखी एक. घडी घातलेले क्रोसाँ फुगायला २५ अंशांच्या आसपास ठेवतात, त्याहून फार गरम झालं की बटर वितळतं. इथल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात एसीशिवाय हे कसं जमवता? पहाटे लाटून कुणी केलंय का? साताऱ्याकडच्या मंडळींनीही सांगा.