मंडईमागचं वाचनालय : सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

ए-२०१ काकू : नमस्कार सगळ्यांना. मंडईमागच्या वाचनालयाच्या काही बातम्या आहेत. मेसेज लांब होईल, पण वाचा.
पाऊस ओसरलाय, त्यामुळे सोमवारपासून वाचनकक्ष पुन्हा रात्री साडेआठपर्यंत उघडा राहील. पावसाळ्यात लवकर बंद करत होतो, कारण मंडईच्या बाजूला पाणी तुंबलं की वयस्कर वाचकांना घरी परतणं अवघड व्हायचं.
या शनिवारी दुपारी २ ते ६ सगळी कपाटं रिकामी करून पुस्तकं पुसायची आहेत. मदतीला माणसं हवी आहेत.
३ ऑक्टोबरला अभिजात मराठी भाषा दिवस. २०२४ मध्ये याच दिवशी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्या संध्याकाळी वाचकच आपल्या आवडीची दोन-दोन पानं वाचून दाखवणार आहेत. पाहुणे नाहीत, हारतुरे नाहीत, मला हेच जास्त आवडतं. १५ ऑक्टोबरला डॉ. कलामांचा जन्मदिवस, म्हणजे वाचन प्रेरणा दिन. बालविभाग दिवसभर उघडा असेल.
आणि मुख्य म्हणजे दिवाळी अंक योजनेची नोंदणी सुरू झाली आहे.

बी-५०३ : काकू, छान. आमच्याकडे माळ्यावर पुस्तकांचे दोन खोके पडून आहेत. दिवाळीच्या साफसफाईत काढणारच आहोत. शनिवारी वाचनालयात आणून टाकू का?

ए-२०१ काकू : आधी खोक्यात काय आहे ते सांगाल का?

बी-५०३ : मुलाची बारावीची गाइडं, थोडी इंग्रजी मासिकं, बाबांच्या काही कादंबऱ्या, आणि एक जुना ज्ञानकोशाचा संच. तो अर्धाच आहे बहुतेक.

ए-२०१ काकू : कादंबऱ्या नक्की आणा. बाकीचं नको. राग मानू नका, कारण सांगते. दर दिवाळीला आमच्या दारात अशी खोकी येतात. अभ्यासक्रम बदलल्यावर गाइड कुणी मागत नाही. अर्धा संच वाचकाच्या फारसा कामाचा नाही. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक द्यायचा, शिक्का मारायचा, कव्हर घालायचं, कपाटात जागा करायची. ग्रंथपाल ताई एकट्या आहेत, आणि मुंबईत जागा किती महाग ते तुम्हाला मी काय सांगणार. शिवाय एखाद्या खोक्यातून कसर, म्हणजे पुस्तकं खाणारी कीड, आली तर आमच्या चांगल्या पुस्तकांना लागते. म्हणून पुस्तक देताना एवढंच बघा : शेजाऱ्याला वाचायला दिलं असतं का? दिलं असतं तर आम्हालाही द्या.

बी-५०३ : पटलं. कादंबऱ्या वेगळ्या काढते.

सी-३०१ : कसरीचा विषय निघालाच आहे तर विचारते. आमच्या कपाटातल्या पुस्तकांवर पांढरी बुरशी आलीय. गच्चीत उन्हात टाकू का?

ए-२०१ काकू : कडक उन्हात नको. कागद पिवळा पडतो, कडक होतो आणि घडीवर तुटतो. सावलीत, पंख्याखाली, पुस्तक उभं करून पानं थोडी उघडून ठेवा. बुरशी आधी घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून, कोरड्या मऊ ब्रशने झटका. ओल्या फडक्याने पुसलीत तर ती आणखी पसरते. मग कपाट कोरडं करून पुस्तकं परत लावताना दाबून कोंबू नका, मागच्या भिंतीपासून चार बोटं जागा सोडा. आपल्या भिंती पावसाळाभर ओल धरतात आणि भिंतीला चिकटलेली रांग आधी खराब होते. कसरीला बांधणीतली खळ आवडते, म्हणून ती पुस्तकाच्या पाठीकडून सुरुवात करते. पान खराब दिसायच्या आधी पाठ उघडून बघत जा.
शनिवारी आम्ही हेच करणार आहोत. एक जण कपाटातून काढतो, एक झटकतो, एक पाठ तपासतो आणि दुरुस्तीची पुस्तकं बाजूला ठेवतो. चार जणांची फळी असली की एक कपाट भराभर होतं.

बी-२०४ दादा : मी येतो. कॉलेजच्या दोन मित्रांनाही आणतो.

डी-६०२ : ग्रुपवर विचारतोय, कुणाला दुखवायचं नाही. आता सगळं फोनवर मिळतं. ऑडिओबुकं आहेत, ई-बुकं आहेत. वाचनालयात नेमकं कोण जातं?

बी-२०४ दादा : मी जातो, रोज. राज्यसेवेची तयारी करतोय. आमचं घर वन रूम किचन आणि माणसं पाच. संध्याकाळी टीव्ही चालू, आजीचं औषधपाणी, बहिणीचा क्लासचा कॉल. अभ्यासिकेत टेबल मिळतं, दिवा मिळतो, आणि शेजारी बसलेला पण अभ्यासच करत असतो, त्यामुळे फोन हातात घ्यायची लाज वाटते. पुस्तक फोनवर मिळतं दादा, पण बसायची जागा फोनवर मिळत नाही.

डी-६०२ : हे लक्षात आलं नव्हतं. मला वाटायचं तिथे फक्त वर्तमानपत्रं वाचायला येतात.

ए-२०१ काकू : तेही येतात, आणि यावेतच. सकाळी नऊला दार उघडायच्या आधी पायरीवर सहा-सात जण थांबलेले असतात. घरी एक पेपर येतो, इथे आठ वाचायला मिळतात. एकाच बातमीला आठ पेपरांत काय काय मथळे आहेत यावर त्यांची रोज चर्चा होते. ती ऐकायला मी मुद्दाम लवकर जाते.

सी-१०२ : काकू, लहान मुलांसाठी काय आहे? मुलगी तिसरीत, इंग्रजी माध्यम. मराठी बोलते उत्तम, पण वाचायला दिलं की जोडाक्षरापाशी अडते आणि पुस्तक ठेवून देते.

ए-२०१ काकू : तिला रविवारी सकाळी दहाला पाठवा. अशी मुलं आमच्याकडे बरीच आहेत. ताई आधी मोठ्या अक्षरातलं, एका पानावर दोन-तीन ओळींचं पुस्तक देतात. आधी स्वतः वाचतात, बोट ओळीखाली फिरवत. मग तेच पान मूल वाचतं. चुकलं तर मध्येच थांबवत नाहीत, पान संपू देतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण बहुतेक मुलं अक्षराला घाबरत नाहीत, टोकण्याला घाबरतात.
गेल्या रविवारचं सांगते. एक मुलगा पुस्तक बदलायला आला. ताईंनी तारखेचा शिक्का त्याच्याच हातात दिला. त्याने शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर दोन्ही हातांनी दाबून शिक्का मारला, मग वरच्या सगळ्या तारखा वाचत बसला. म्हणाला, ‘माझ्याआधी हे एवढ्या जणांनी नेलंय?’ आणि खाली बसून तिथेच वाचायला लागला. आई दारात उभी, त्याला निघायचंच नाही.

सी-१०२ : रविवारी येतोच. मुलगी आणि मी दोघी.

ए-४०४ आजोबा : मी रत्नागिरीचा. तिथलं नगर वाचनालय १८२८ सालचं, महाराष्ट्रात सगळ्यात जुनं. वडील मला बोट धरून न्यायचे. मुंबईत आल्यावर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जायचो, ते १८९८ चं. आता गुडघे जिना चढू देत नाहीत. मंडईमागच्या वाचनालयात लिफ्ट नाही ना?

ए-२०१ काकू : नाही आजोबा, पहिल्या मजल्यावर आहे. पण तुमचं पुस्तक घरी येईल. माझ्या खात्यावर मी आणेन आणि परत नेईन. काय वाचायचंय ते फक्त सांगा.

ए-४०४ आजोबा : प्रवासवर्णनं. आणि दिवाळी अंक.

सेक्रेटरी : चर्चा चांगली चाललीय म्हणून एक सुचवतो. सोसायटी ऑफिसात दोन कपाटं ठेवून आपलंच वाचनालय सुरू केलं तर? सगळ्यांची पुस्तकं तिथे, कुणीही न्या, कुणीही आणा. आजोबांनाही जवळ पडेल.

ए-२०१ काकू : सेक्रेटरीसाहेब, भावना समजते, पण माझं मत स्पष्ट सांगते : नको. अशी कपाटं मी बऱ्याच सोसायट्यांत पाहिली आहेत. पहिले दोन महिने उत्साह असतो. नंतर नवीन पुस्तक येत नाही, नेलेलं परत येत नाही, किल्ली कुणाकडे ते कळत नाही. वाचनालय चालतं ते तिथे रोज बसणाऱ्या माणसामुळे. ‘तुम्हाला ते आवडलं ना, मग आता हे बघा’ असं कपाट म्हणत नाही, आमच्या ताई म्हणतात.
आणि दुसरं कारण जास्त मोठं आहे. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली राज्यात अकरा-बारा हजार वाचनालयांना अनुदान मिळतं. बहुतेक सगळी आपल्यासारख्या लोकांच्या संस्थांनी चालवलेली. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. सभासद किती, पुस्तकं किती, पेपर-मासिकं किती येतात, किती तास उघडं असतं, हे बघून वर्ग ठरतो आणि वर्गावर अनुदान. त्यातूनच पगार, पुस्तकं, वीजबिल. २०२२ मध्ये सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ केली, तीही बऱ्याच वर्षांनी. तरी ताईंचा पगार सांगायला मला संकोच वाटतो.
तमिळनाडूत १९४८ च्या कायद्यापासून मालमत्ता कराबरोबर ग्रंथालयांसाठी उपकर घेतात. आपल्या कायद्यात तसा उपकर नाही. खरं तर देशातला पहिला ग्रंथालय कायदा आपल्याच कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली केला होता. म्हणजे आपल्याकडे या कामाची जाण उशिरा आली असं नाही. पण आज वाचनालयाचं बळ म्हणजे सभासदांची वही. सभासद घटले की वर्ग घसरायची भीती, अनुदान घटलं की नवी पुस्तकं कमी, नवी पुस्तकं नाहीत म्हणून आणखी सभासद जातात. हे चक्र आम्ही दरवर्षी थोपवतो आहोत.
आपल्या चार विंगमध्ये एवढी घरं आहेत आणि सभासद मोजकेच. कपाटांचे पैसे वाचवा आणि घरटी एक जण तरी सभासद व्हा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

सेक्रेटरी : काकू, अनुदानाचं हे गणित मला माहीत नव्हतं. कपाटांचा विषय मागे घेतो. फॉर्म वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवले तर चालतील का? भरलेले फॉर्म मी एकत्र करून देतो.

ए-२०१ काकू : फार छान होईल. उद्याच गठ्ठा आणून देते.

बी-७०३ वहिनी : दिवाळी अंक योजना कशी असते? आम्ही दरवर्षी स्टॉलवरून दोन अंक घेतो. किमती फार वाढल्यात.

ए-२०१ काकू : साधारण तेवढ्याच पैशांत मोसमभर आमच्याकडचे सगळे अंक वाचायला मिळतात, असं समजा. दिवाळीपासून होळीपर्यंत योजना चालते. एका वेळी दोन अंक घरी न्यायचे. पहिले काही आठवडे अंक तीन दिवसांत परत करायचा, कारण मागणी फार असते. नंतर आठवडाभर ठेवता येतो. नंबर लावून ठेवता येत नाही. जो समोर येईल त्याला, समोर जो अंक असेल तो. त्यामुळे एरवी कधी उचलले नसते असे अंकही लोक नेतात, आणि बऱ्याचदा तेच आवडून जातात. माझ्या मते योजनेचा सगळ्यात मोठा फायदा हाच. नावाजलेले पाच-सहा अंक सगळ्यांना माहीत असतात, पण जिल्ह्याच्या गावाहून, चार जणांनी पदरमोड करून काढलेल्या अंकात कधी कधी वर्षातली सगळ्यात चांगली कथा सापडते. तो अंक स्टॉलवर तुमच्या नजरेला पडणारसुद्धा नाही.
१९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून फराळाबरोबर वाचायचं काहीतरी हवंच, ही मराठी घराची सवय झाली. ती टिकायची तर अंक विकत घेणारी वाचनालयंही टिकायला हवीत.
दोन कळकळीच्या विनंत्या आहेत. वार्षिक राशिभविष्याचं पान फाडू नका, फोटो काढून घ्या. आणि शब्दकोडं पेनाने सोडवू नका. मागच्या वर्षी जानेवारीपर्यंत निम्म्या अंकांत मीन राशीपर्यंत पानं उरलीच नव्हती. पुढच्या वाचकाला फार वाईट वाटतं.

बी-७०३ वहिनी : आमचं नाव लिहा. आणि सासूबाईंचं वेगळं. दोघींत चार अंक येतील.

डी-६०२ : माझंही लिहा. शनिवारी दुपारी मी पण येतो. मित्रा, तू किती वाजता निघणार?

बी-२०४ दादा : पावणेदोनला गेटवर भेटा. जुने कपडे घालून या, धूळ खूप असते.

बी-५०३ : बाबांच्या कादंबऱ्या मोजल्या, सव्वीस आहेत. पाठी तपासल्या, कसर नाही. दोन कादंबऱ्यांची बांधणी सुटलीय, त्या आणू का?

ए-२०१ काकू : आणा. बांधणीवाले काका शनिवारी येणार आहेत, त्यातच करून घेऊ.

ए-४०४ आजोबा : माझी वर्गणी कुणाकडे द्यायची? सभासद म्हणून माझं नाव वहीत हवं. दुसऱ्याच्या खात्यावर पुस्तक नको.

ए-२०१ काकू : तुमच्याच नावाने फॉर्म भरू आजोबा. संध्याकाळी मी वर येते.

सी-१०२ : फॉर्मला काय काय लागतं?

ए-२०१ काकू : एक पासपोर्ट फोटो आणि पत्त्याच्या पुराव्याची झेरॉक्स. अनामत रक्कम वेगळी, ती सभासदत्व सोडताना परत मिळते. मुलांच्या फॉर्मवर पालकांची सही.

सेक्रेटरी : नोटीस बोर्डावर आज लावतो. ज्यांना झेरॉक्स काढायची आहे त्यांनी ऑफिसातलं मशीन वापरा, सातपर्यंत उघडं आहे.