मदत हवी आहे: फोमचं रिमोटवालं बायप्लेन (वर-खाली दोन पंखांचं विमान) थ्रॉटल दिला की नाक वर करतं

भाऊ लोकं, ६ एमएम डेप्रॉनचं (फोमशीटचं) बायप्लेन बनवलंय, विंगस्पॅन ८५ सेंमी, वजन बॅटरीसकट ६२० ग्रॅम, २२१२ साइजची १००० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे) मोटर, १०×४.५ इंची प्रॉप (पंखा), ३एस लिपो (तीन सेलची बॅटरी). अर्ध्या थ्रॉटलवर एकदम सरळ जातं, लूप-रोल मस्त होतात, पण फुल थ्रॉटल दिला की नाक वर उचलतं आणि एलिव्हेटर (शेपटीची नाक वर-खाली करणारी पट्टी) दाबून धरावा लागतो.

बॅटरी १ सेंमी पुढे सरकवून पाहिली, फरक नाही, उलट उतरताना नाक जड झालं. मोटर माउंटच्या वरच्या स्क्रूंमागे वॉशर घालून अंदाजे २ अंश डाऊनथ्रस्ट दिला (मोटर खाली झुकवली), थोडंच कमी झालं. एलिव्हेटर ट्रिम करून (कायमचा थोडा खाली सेट करून) ठेवला तर थ्रॉटल बंद केल्यावर विमान खाली जातं, म्हणून तो ट्रिम काढला. दोन्ही पंख शून्य अंशावर (बॉडीला समांतर) बसवलेत, पण परवा बघितलं तर वरच्या पंखाच्या मागच्या दांड्यांचा हॉट ग्लू मऊ पडलेला, बोटाने दाबला की पंख मागून जरासा खाली बसतो. जळगावचं ऊन, त्यात गाडीच्या डिक्कीत ठेवलेलं, त्यामुळे मला तिथेच शंका येतेय.

पंख पूर्ण उखडून परत बसवायचे नाहीत, फोम फाटेल. मग आधी वरचा पंख १ अंश निगेटिव्ह (पुढची कड खाली) करून पाहू की डाऊनथ्रस्ट अजून वाढवू? आणि दांड्यांना हॉट ग्लूऐवजी काय लावू, जे उन्हात सुटणार नाही आणि फोमही खाणार नाही?