केळवणासाठी टेबल सजवायचंय, खण-इरकल थीम, बजेट दीड हजार. मदत हवी आहे

ओसरीवरची:

नमस्कार मंडळी. नणंदेच्या मुलाचं लग्न ठरलंय. पुढच्या महिन्यात त्याचं आणि होणाऱ्या नवरीचं केळवण आमच्याकडे आहे. मुलगी हौसेनं हातमागाच्या साड्या नेसणारी, म्हणून आमच्या लेकीने (दहावी झालीये, सुट्टी आहे, उत्साह ओसंडतोय) फर्मान काढलंय की टेबल 'खण थीम'मध्येच सजवायचं. तिची यादी अशी: खणाचा टेबलक्लॉथ, रनर, सहा मॅट, सहा नॅपकिन आणि वर नॅपकिनच्या रिंगासुद्धा! ऑनलाइन बघितलं तर नुसता रनर आणि मॅटचा सेट बावीसशेला. माझं बजेट सगळं मिळून १५००, त्यात फुलंही आली.

टेबल सहा जणांचं, पाच फूट बाय तीन फूट, वर काच. त्यावर बसणार ती जोडी, नणंद, तिचे यजमान, सासूबाई आणि आमचे हे. बाकीचे हातात ताट घेऊन. जेवण केळीच्या पानावर, हे सासूबाईंनी आधीच जाहीर केलंय.

आता प्रश्न. यातलं काय विकत घ्यावं, काय शिवून घ्यावं आणि काय सरळ रद्द करावं? राहायला पुण्यात, तेव्हा तुळशीबाग, लक्ष्मी रोड, रविवार पेठ सगळं हाताशी आहे. दुसरं म्हणजे, सासूबाईंची एक डाळिंबी नऊवारी इरकल ट्रंकेत पडून आहे. त्या म्हणतात, "काप खुशाल, कोण नेसतंय आता!" पण असं म्हणताना साडीच्या काठावरून हात फिरवत असतात. कापू का?

काठपदर:

कापू नका. "काप खुशाल" याचा अर्थ घरोघरी ठाऊक आहे.

बाकी थीम छान जमलीये. गुळेदगुड्ड आणि इलकल ही दोन्ही गावं कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातली, पहिल्यात खण विणायचा आणि दुसऱ्यात इरकल साडी. आपल्या आज्या दोन्ही एकत्रच अंगावर घालत होत्या, त्यामुळे टेबलावर एकत्र आले तर परके दिसणार नाहीत.

मोजपट्टी:

ताई, कापडाच्या आधी पानांचा हिशोब करा. तीन फूट म्हणजे ३६ इंच रुंदी. समोरासमोर दोन पानं मांडली, एकेक १३-१४ इंच धरलं, की मध्ये उरले जेमतेम ८-१० इंच. त्यात वाढायची भांडी. पाच फुटांच्या बाजूला दोन मोठी पानं शेजारी शेजारी आणि टोकाला आडवी एकेक असं केलं तर कोपऱ्यात पानांवर पानं चढतात. विश्वास बसत नसेल तर वर्तमानपत्राचे सहा कागद पानाच्या मापाने कापून टेबलावर मांडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. माझ्या मते अखंड पान फक्त जोडीला द्या, शेंडा त्यांच्या डाव्या हाताला येईल असं. बाकी चौघांना ताटात गोल कापलेलं पान. सासूबाईंचाही मान राहतो आणि कोपरं कोपराला लागत नाही.

यावरून पुढचं आपोआप ठरतं. मॅट रद्द. पानाखाली किंवा ताटाखाली मॅट गेली की तिची चार बोटं किनार दिसते, तेवढ्यासाठी कोण पैसे मोजणार? खणाचा अख्खा टेबलक्लॉथही रद्द. खण चमकतो, काचेवर घसरतो, आणि आमटी सांडली की सरळ ड्रायक्लीनिंग. पैसे घालायचे तर जिथे नजर जाते तिथे: मधली पट्टी, टेबलाच्या कडेवरून खाली उतरणारं कापड आणि हातात येणारा नॅपकिन.

रनर ९ इंचांचा पुरे (फोटोतले १२-१४ इंचांचे असतात, पण ते पानं न मांडलेले फोटो). लांबीला टेबलाचे ६० आणि दोन्ही टोकांना ६-६ इंच, म्हणजे ७२. शिलाई धरून दोन मीटर खण घ्या. घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा, हातमागाच्या खणाचा सहसा अरुंद असतो, यंत्रमागाचा मोठा. एका वेळच्या केळवणाला यंत्रमागाचा चालेल, कोणी भिंग लावून बघत नाही. आतून साध्या सुती कापडाचं अस्तर लावून घ्या, नाहीतर खण कडांना गोळा होतो. उरलेल्या पट्ट्या टाकू नका. आणि लाल किंवा जांभळा घेतलात तर ओला पांढरा रुमाल त्यावर घासून बघा. रुमालाला रंग लागला तर तो खण टेबलावर नको.

तिखटमीठ:

नॅपकिन खणाचे अजिबात करू नका, हात पुसले जात नाहीत, नुसते फिरतात. त्यापेक्षा पंचा! हो, तोच, पांढरा, लाल किंवा हिरव्या काठाचा. अडीच फूट बाय पाच फुटांचा मिळाला तर त्याचे १५ इंची आठ चौकोन निघतात, रुंदीत दोन आणि लांबीत चार. गंमत म्हणजे आठही चौकोनांना एका बाजूला आपसूक काठ येतो. त्या बाजूला दुमडही नको, फक्त कापलेल्या तीन बाजू मशीनवर मारून घ्या. शिवण्याआधी एकदा धुवा मात्र. नव्या पंच्याची खळ निघाल्याशिवाय तो पाणी पीत नाही, आणि आटायचा तेवढा आधीच आटतो.

निवांत:

पंचा? जेवायच्या टेबलावर? आमच्याकडे तो आंघोळीनंतर मामांच्या खांद्यावर असतो हो.

तिखटमीठ:

@निवांत, मामांचा नाही घ्यायचा, नवा घ्यायचा.

ओसरीवरची:

कागद मांडून बघितले. मोजपट्टी, तुम्ही जिंकलात, सहा पानं खरंच बसत नाहीत. मॅट रद्द केल्यावर लेक तासभर रुसली होती, पण पंच्याची आयडिया तिला 'एकदम सस्टेनेबल' वाटली, तेव्हा तह झालाय.

इरकल कापायची नाही हे ठरलं. पण मग न कापता टेबलावर कशी घालायची? आणि वरण सांडलं तर? एका दुकानात वर घालायला पारदर्शक प्लॅस्टिक सुचवलं.

काठपदर:

प्लॅस्टिक नको!! साडी दिसते आणि श्वास कोंडतो, साडीचाही आणि बघणाऱ्याचाही. तुमची काच लाकडी फळीवर नुसती ठेवलेली आहे का? असेल तर साडी काचेखाली घाला.

नऊवार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर. लांबीत चार पदरी घडी घातली तर दोन मीटरच्या किंचित वर, म्हणजे साधारण ८० इंच. ६० इंचांच्या टेबलावर दोन्ही टोकांना दहा-दहा इंच खाली येईल. पदर वरच्या थरात ठेवून एका टोकाला सोडा, म्हणजे लाल पदरावरची पांढरी नक्षी दारातून आत येणाऱ्याला आधी दिसेल. साडीचा पन्हा ४५ इंच असेल तर लांब बाजूंनाही चार-साडेचार इंच उतरेल, आणि नेमका काठच खाली येईल. मुद्दाम शिवून घेतल्यासारखं दिसतं. घडी घालायच्या आधी साडी आडव्या धाग्यावर ताणून सारखी करा, सुरकुती काचेखाली दुप्पट दिसते. काचेखालची रबराची बटणं काढा, नाहीतर चार टेंगळं येतील.

मोजपट्टी:

वरच्याला अनुमोदन, पण काच एकटीने उचलू नका. आठ मिलिमीटरची असेल तर या मापाची काच २८ किलोच्या आसपास भरते. दोन धडधाकट माणसं हवीत, आणि काच उभी करून भिंतीला टेकवायची तर खाली जाड सतरंजी. भाच्याला आदल्या दिवशी बोलावून घ्या, केळवणाचं जेवायचंय तर थोडी मेहनत करू दे.

माजघर:

उशिरा लिहितेय. खाली लोंबणाऱ्या काठावर आणि पंच्यांवर हळदीचे डाग पडणारच. पंच्याच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो, घाबरू नका. हळद साबणातल्या क्षाराने लाल होते, धुतल्यावर परत पिवळी. मग ओलाच कडक उन्हात टाका, उन्हाने हळद उडते. साडीच्या काठाला मात्र साबण नको आणि ऊनही नको, तिचा रंगही उडेल. तिथे लगेच गार पाण्याने ओलं फडकं टिपायचं, घासायचं नाही.

आणि जोडीच्या पानाभोवती महिरप? काचेवर रांगोळी काढलीत तर पहिल्याच पंख्याच्या वाऱ्याने ती भातात जाईल. झेंडूच्या पाकळ्या आणि आंब्याची पानं मांडा, तीसेक रुपयांत होतं.

ओसरीवरची:

सगळ्यांचे मनापासून आभार. काच फळीवर सुटीच आहे. साडी मोजली, पन्हा ४६ इंच भरला. सासूबाईंना बेत सांगितला तर म्हणाल्या, "मग इस्त्री मीच करते, तुला काठ धरता येत नाही." दोन दिवस झाले, साडी त्यांच्या पलंगावरच आहे.

खण मोरपंखी घेतला, दोन मीटर, ३६० रुपये. ओल्या रुमालाची परीक्षा पास. अस्तर घरातल्या जुन्या पांढऱ्या चादरीचं, शिलाई १५०. दोन पंचे मिळून २४०, कारण लेकीला आता हातात ताट घेणाऱ्यांनाही नॅपकिन द्यायचेत. रिंगा कटाप. खणाच्या उरलेल्या पट्ट्यांनी ती नॅपकिन बांधणार आहे. फुलांना आणि पानांना साडेसातशे उरले, त्यातून एक गजरा नवरीला आणि एक इस्त्रीवाल्या बाईंना.