‘सगळे करताहेत, तुम्हीही करा’ याला मराठीत काय म्हणतात?

मधलीसुट्टी: नववीच्या मुलांसाठी प्रचारतंत्रांवर टिपण करतेय. 1937 साली न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा अ‍ॅनालिसिस’ने सात तंत्रं सांगितली होती. शिक्का मारणं, गोडगोड मोघम शब्द, सोयीचं तेवढंच सांगणं, ‘मी तुमच्यातलाच’... ही सहज जमली. अडलं ‘बँडवॅगन’पाशी. मी ‘री ओढणे’ लिहिलं, तर सहकारी शिक्षकांनी काट मारली. म्हणाले, री माणूस आपणहून ओढतो, इथे ती ओढायला लावतात. मग काय लिहू?

पाणवठा: त्यांचं बरोबर आहे. री ओढण्यात होयबा दिसतो, त्याला होयबा करणारा दिसत नाही.

झीलकरी: री गाण्यातली आहे. पोवाड्यात शाहिरामागे ‘जी जी रं जी’ करणारे उभे असतात, ती खरी री. आमच्याकडे ‘झील धरणे’ म्हणतात. झील धरणारे आधीच ठरवून उभे केलेले असतात, म्हणजे ‘लावतात’ हा अर्थ त्यात आलाच की!

शुद्धमती: ‘गतानुगतिक’ हा नेमका शब्द असताना एवढी शोधाशोध कशाला?

पाणवठा: गतानुगतिक ही लोकांची सवय झाली. त्या सवयीचा कुणी फायदा उठवतो, त्याला शब्द हवाय.

आडवाट: ‘हवा करणे’ घ्या. निवडणुकीत ‘हवा कुणाची?’ विचारतात, तेच. आमच्या सोसायटीत पुनर्विकासाच्या सह्या अशाच गोळा झाल्या. ए विंगमध्ये सांगायचं, ‘बी विंगच्या झाल्या, तुमच्यामुळे अडलंय’. बीमध्ये उलट. कागद हातात द्यायचा तो घडी घालून, फक्त आपल्या नावाची ओळ दिसेल असा. आईने घडी उलगडली, तर वरच्या बहुतेक ओळी कोऱ्या! सही न करता तिने कागद परत दिला आणि लगेच शेजारच्या काकूंना फोन केला. मुलांना हेच शिकवा: घडी उलगडून बघायची.

शुद्धमती: प्रसंग मोलाचा आहे, पण ‘हवा’ अरबीतून आलेला शब्द. पाठ्यसामग्रीत संस्कृतोद्भव शब्दच शोभतो.

झीलकरी: मग ‘सही’सुद्धा काढा, तीही अरबीच! मुलाला घरी जो शब्द ऐकू येतो त्यानेच त्याला डाव ओळखू येईल.

शुद्धमती: घरचा शब्द ढिला असतो. ‘हवा केली’ नाटकाच्या जाहिरातीलाही म्हणतात, त्यात फसवणूक कुठे आहे? व्याख्या काटेकोरच हवी, नाहीतर मुलं प्रत्येक जाहिरातीला खोटं म्हणतील.

पाणवठा: हा मुद्दा मला पटतो. ‘प्रोपगंडा’सुद्धा मुळात वाईट नव्हता. 1622 मध्ये पोप पंधराव्या ग्रेगरीने धर्मप्रसारासाठी जे मंडळ स्थापलं, त्याच्या लॅटिन नावातला तो शब्द. आपला ‘प्रचार’ अजून स्वच्छ आहे, म्हणून तर ‘अपप्रचार’ वेगळा करावा लागला.

आडवाट: दुकानांवरच्या ‘शेवटचे तीन दिवस’ या पाट्यांना काय म्हणाल? महिनोन्‌महिने तीच पाटी. केंद्र सरकारच्या 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा 13 क्लृप्त्या आहेत, त्यांत खोटी घाई पहिलीच. पण ती तत्त्वं ऑनलाइन विक्रीला, गल्लीतल्या पाटीला नाहीत.

झीलकरी: खोट्या घाईला ‘हूल देणे’!

पाणवठा: हूल देणं म्हणजे चकवणं, कबड्डीत देतात ती. घाई करण्याशी तिचा संबंध नाही.

झीलकरी: आमच्या गावी आहे. ‘हूल उठली’ म्हणजे अफवा आली आणि लोक पळत सुटले.

शुद्धमती: ती ‘आवई’.

मधलीसुट्टी: आवई, हूल, कंडी या तिन्हींत फरक काय? हेही टिपणात घालावं म्हणते.

झीलकरी: कंडी पिकवतात, आवई उठते. पिकवणारा कुणीतरी असतोच.